दूर नावाचे पान

मी काढलेल्या गाईवरून मैथिलीने दोन्ही हातांची बोटे फिरवली, थोडी थांबली आणि अत्यंत सौजन्याने म्हणाली, "फणी छान आहे. पण दाते चारच काहून?"

साताऱ्याच्या स्पर्शपुस्तक केंद्रातला तो माझा पहिला आठवडा होता. अंध मुलांनी बोटांनी वाचायची चित्रपुस्तके तिथे तयार होत. मी चित्रकार म्हणून रुजू झालो होतो. मैथिली काळमेघ अमरावतीच्या एका शाळेत भूमिती शिकवत असे आणि वर्षभराची रजा काढून केंद्रात आली होती. तिला जन्मापासून दिसत नव्हते. माझी गाय केंद्रातल्या बाकी सगळ्यांना आवडली होती, कारण ते सगळे तिच्याकडे पाहत होते.

"ती गाय आहे," मी म्हणालो.

"अस्सं. मग पाय सगळे एकाच अंगाला?"

"बाजूने पाहिलं की..."

"कदम सर, तुम्हाला गाय बाजूनं दिसत असेल. मला ती बाजूनं कधी भेटली नाही. मामाच्या गोठ्यातली गाय आधी मानेवर श्वास टाकायची, मग चाटायची, मग तिच्या पोटाला हात लागायचा. पाय सगळ्यात शेवटी. तेही लाथ बसली तर."

डोळस माणसे स्पर्शाची चित्रे काढायला बसली की हीच चूक करतात. वस्तूची सावली काढतात आणि त्या सावलीला उठाव देतात. बोटाला सावलीशी काय देणेघेणे? बोट वस्तूला वळसा घालते, तिच्या पोकळीत शिरते, तिची ऊब घेते. मी पाच वर्षे चित्रकला शिकलो होतो आणि हे मला कोणी सांगितले नव्हते.

ही चूक टाळण्यासाठीच बोटकर जन्माला आला होता. केंद्राच्या कागदोपत्री त्याचे नाव लांबलचक होते. मैथिलीने पहिल्याच दिवशी त्याला आडनाव देऊन टाकले आणि पुढे तेच रूढ झाले. बोटकर म्हणजे टेबलाला जोडलेला एकच यांत्रिक हात. कोपर, मनगट आणि एक तर्जनी. त्याला डोळे मुद्दामच दिले नव्हते. आधीच्या यंत्रांना कॅमेरे होते, आणि त्यांनी लक्षावधी छायाचित्रांमधून आमचीच चूक अधिक सफाईने शिकून घेतली होती. बोटकरच्या तर्जनीवर मात्र कृत्रिम त्वचा होती. तिच्यावर आपल्या बोटांसारख्याच सूक्ष्म रेघा होत्या आणि त्या रेघांखाली दाब व कंप टिपणारे असंख्य बिंदू.

ही त्वचा मैथिलीकडून शिकत असे. मैथिलीच्या नखांवर टिकलीएवढे संवेदक चिकटवलेले असत. बोटांची पेरे मोकळीच राहत. ती एखादे पान वाचू लागली की तिचे बोट कुठे वेगाने गेले, कुठे दबले, कुठे माघारी वळले आणि मुख्य म्हणजे कुठे रेंगाळले, हे सारे बोटकरकडे पोहोचे. बोट रेंगाळते तिथे मनाला काहीतरी सापडलेले असते, या एवढ्या गृहीतकावर त्याचे शिक्षण उभे होते. मग तो स्वतः रचना करू लागे. त्याच्यापुढे बारीक टाचण्यांचा एक पाट होता. प्रत्येक टाचणी हवी तेवढी वर-खाली होई. बोटकर तिथे एक आकार उठवी, आपल्याच बोटाने तो चाचपून पाही, मैथिलीचे बोट इथे रेंगाळले असते का याचा अंदाज घेई आणि आकार बदली. त्याचे झाले की मी हाताने टाचण्या दाबून माझे म्हणणे मांडत असे. त्यावर तो पुन्हा आपले म्हणणे मांडी.

बोलण्याचे मला लहानपणापासून भय वाटत आले आहे. शब्द ओठांपर्यंत येईतो समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. बोटकरपाशी तसे नव्हते. तो वाट पाहू शकत असे. विहिरीच्या पानावर मी एक गोल काढला होता. त्याने तो गोल ठेवला, पण आतल्या टाचण्या मधोमध इतक्या खोल नेल्या की बोट आत जाताना तळ लागतच नाही असे वाटे. मी त्यात एका कडेने उतरणारा दोर घातला. त्याने दोराला पीळ दिला. पान छापून मैथिलीपुढे गेले तेव्हा तिने बोट आत घातले आणि पटकन मागे घेतले. "आई म्हणायची तेच आठवलं," ती म्हणाली. "वाकू नको."

त्या दिवशी मी घरी चालत गेलो. रिक्षेत बसून कोणाला पत्ता सांगावा असे वाटले नाही.

"तुम्ही खोलीत आहात की नाही हे सांगत जा न, कदम सर," मैथिली एकदा म्हणाली. "तुमच्यापेक्षा बोटकरसाहेबांचा आवाज जास्त येतो. त्यांचं कोपर तरी करकरतं."

"आहे मी," मी म्हणालो.

"झालं? संपलं आजचं भाषण?"

केंद्राच्या संचालिका डॉ. वसुधा आगाशे या कामाकडे फार मोठ्या आशेने पाहत होत्या. पहिलीच्या मुलांचे गावाविषयीचे पुस्तक पूर्ण झाले की बोटकरच्या शिक्षणाची प्रत प्रत्येक जिल्ह्यातल्या यंत्रात उतरवली जाणार होती. मग गडचिरोलीच्या मुलांसाठी गडचिरोलीची आणि रत्नागिरीच्या मुलांसाठी रत्नागिरीची पुस्तके तिथल्या तिथे तयार झाली असती. त्या सगळ्या हातांत मैथिलीचा हात असणार होता. तिची रजा संपत आली होती. पुस्तकाचे एकच पान उरले होते.

त्या पानावरचे वाक्य साधे होते. 'डोंगर दूर आहे.'

मी क्षितिजावर एक लहानसा डोंगर काढला. मैथिलीने तो चिमटीत धरल्यासारखा चाचपला.

"हा खडा कोणाचा?"

"डोंगर आहे. दूर आहे म्हणून लहान."

"दूर म्हणजे लहान, हे तुम्हा लोकांचं. आमच्यात लहान म्हणजे लहान."

"मग तुमच्यात दूर म्हणजे काय?"

ती विचारात पडली. "सध्या अमरावती," ती म्हणाली. "थोड्या दिवसांनी सातारा."

बोटकरचे कोपर करकरले.

तो बरेच दिवस त्या पानाशी झुंजत होता. आकार उठवी, चाचपी, पुसून टाकी. मग एका सकाळी त्याने पाट जवळजवळ कोरा ठेवला. डाव्या कडेपासून निघालेली केसासारखी एक रेघ साऱ्या रिकाम्या जागेतून तिरकी जात खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत होती आणि तिथे एक उथळ खळगा होता. डोंगर नव्हताच. मी डोळे मिटून रेघेवरून बोट नेले. रेघ संपू नये असे वाटत होते आणि कोपरा यावा असेही वाटत होते.

आगाशे मॅडम बराच वेळ तो पाट पाहत उभ्या राहिल्या. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण यशोधन, मला एक सांगा. हा बाकीच्या पानांवरही शेवटी त्याच कोपऱ्यात का जातो? मी काल विहीर तपासली, बाजार तपासला. चित्र संपलं की याचं बोट तिथे जाऊन बसतं. तिथे काहीच नसतं."

"माझ्या लक्षात आलं नाही."

"शिक्षणात कुठेतरी दोष शिरलाय. तो राज्यभर पाठवता येणार नाही. शोधा, काढून टाका, आणि कारण मला लेखी द्या."

मी शोधू लागलो. त्वचा बदलली, टेबलाची पातळी तपासली, नवे कोरे पान बोटकरपुढे ठेवले. कोऱ्या पानावरूनही त्याचे बोट इकडेतिकडे फिरले आणि खालच्या उजव्या कोपऱ्याशी जाऊन थांबले. एखादे माणूस रिकाम्या घरातही आपल्या नेहमीच्या जागी बसावे तसे.

शेवटी मैथिलीने वाचलेली जुनी पाने मी कपाटातून काढली. पाहून काही कळेना. मग जे वर्षभर शिकलो होतो ते केले, डोळे मिटले. जवळजवळ प्रत्येक पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक उथळ खळगा लागला. त्यात माझा अंगठा नेमका बसला.

आमचा कागद उष्णतेने फुगणारा होता. काळ्या शाईने छापलेला भाग भट्टीतून जाताना वर उचलला जाई, आणि बाहेर आलेले पान थोडा वेळ मऊ राही. ते मैथिलीपुढे ठेवताना सरकू नये म्हणून मी एक कोपरा अंगठ्याने दाबून धरत असे. वरचा कापलेला कोपरा तिला सापडला, पान सुलटे आहे हे कळले, की मी हात काढून घेई. अंगठ्याची खूण तिथेच राही.

मग मी तिच्या बोटांच्या नोंदी उघडल्या. पान वाचून झाले की तिचे बोट खाली उजवीकडे जात होते आणि त्या खळग्यात थांबत होते. सुरुवातीच्या महिन्यांत निमिषभर. पुढे पुढे अधिक. अलीकडच्या पानांवर कोणत्याही चित्रावर ती इतकी रेंगाळली नव्हती. मी तापाने घरी होतो तेव्हा दुसऱ्यांनी ठेवलेल्या पानांवर मात्र तिचे बोट कोपऱ्याकडे गेले, तिथे काही नाही असे पाहून लगेच परतले होते.

बोटकर चुकीचे काही शिकला नव्हता. त्याला जे शिकवले गेले तेच तो शिकला होता.

मी पडद्यासमोर बसून राहिलो. एखाद्याच्या उशीखालचे काहीतरी आपल्या हाती यावे आणि ते आपल्याविषयीच असावे, तसे झाले होते. कारण लेखी द्यायचे तर मैथिलीचे मन एका अहवालात जाणार होते. निमूटपणे पुसून टाकायचे तर तिच्या वतीने मीच ठरवणार होतो. आणि तिला सांगायचे तर तोंड उघडावे लागणार होते. ती आठ-दहा दिवसांत जाणार होती. न बोलण्याची मला इतकी सवय होती, की ती तशीच निघून गेली असती तरी त्यात नवे काही घडल्यासारखे कोणाला वाटले नसते. मलासुद्धा.

दुपारच्या चहाच्या वेळी ती खिडकीशी बसली होती. मी समोरची खुर्ची ओढली.

"आहे मी," मी म्हणालो.

"ओळखलं. खुर्चीनं सांगितलं."

"बोटकरमध्ये जो दोष आहे... तो सापडला."

"मग? काय होतं?"

मी सांगितले. भट्टी, मऊ कागद, अंगठा, नोंदी. वाक्ये अर्धवट राहत होती, पण मी थांबलो नाही. तिच्या हातातला चहाचा ग्लास हळूहळू टेबलावर आला. तिचे कान लाल झाले होते.

"चुगलखोर," ती अखेर म्हणाली. ते बोटकरसाठी होते.

"मी कोणाला दाखवलेलं नाही."

"आधी मी ते कामापुरतंच करायची," ती सावकाश म्हणाली. "पान कोणी ठेवलं ते कळायचं. तुम्ही बोलत नाही, मग कळणार कसं?"

"आणि नंतर?"

"नंतर... घराला कुलूप लावल्यावर आपण ते एकदा ओढून पाहतो न? लागलेलं आहे हे माहीत असतं, तरी. तसं."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करण्याचा प्रयत्न करत होते. ती सुरू होऊन निघून गेली.

"काय करू सांगा," मी म्हणालो. "तुमचं नाव न घेता कारण देता येईल. कोपऱ्यांचा भाग वगळून त्याला पुन्हा शिकवलं की सवय जाईल. पण दूरचं पान त्या कोपऱ्यावरच उभं आहे. तेही जाईल. किंवा मग राहू देऊ. मुलांना कोपऱ्यात एक खळगा सापडला तर काही बिघडत नाही."

"पुसा."

"सगळं?"

"सगळं. गावोगावच्या पोरांनी काहून तुमचा अंगठा चाचपत बसायचं? त्यांचे कोपरे त्यांना सापडतील." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "यंत्रात राहिलं की ते त्याचं होईल. ते मला माझं पाहिजे."

आता काही बोलायचे राहिले असेल तर ते माझेच होते. मी ग्लासाकडे पाहत म्हणालो, "भट्टीपासून टेबलापर्यंत पान आणणं... ते माझं काम नव्हतंच."

"माहीत आहे. महादूभाऊ माझ्याकडे तक्रार करायचे. कदम सर माझ्या हातून पान ओढून घेतात म्हणून." ती हसली. "शिपायाच्या पोटावर पाय देऊन राहिले होते तुम्ही, वर्षभर."

मी आगाशे मॅडमना एका ओळीत कळवले, की पानांवर पडलेल्या बाहेरच्या खुणा शिक्षणात मिसळल्या होत्या, त्या काढल्या आहेत. ते खरेच होते. बोटकर पुन्हा शिकला. विहिरीचे पान वाचून झाल्यावर त्याचे बोट आता सरळ वर उचलले जाऊ लागले. मला ते पाहवेना.

आणि दूरचे पान गेले. त्या जागी तो टेकड्या उठवू लागला. एकीपेक्षा एक लहान, नेटक्या, निर्जीव. छपाईची तारीख जवळ येत होती.

"याला एकच हात आहे," मैथिली टेकड्या चाचपत म्हणाली. "आणि हा एकटा वाचतो. एकट्याला काय कळणार? दूर म्हणजे कोणापासून तरी दूर न?"

तेव्हा आम्ही त्याच्यासमवेत ते करून पाहिले. पाटावर एक साधी रेघ उठवली. एका टोकावर बोटकरची तर्जनी ठेवली, दुसऱ्या टोकावर मैथिलीची. दोघांनी एकमेकांच्या दिशेने वाचत यायचे. मैथिलीचे बोट निम्म्यापर्यंत सरसर आले आणि मग धिमे झाले. समोरून काहीतरी येते आहे हे टाचण्यांच्या कंपातून तिला कळत होते. आम्ही पुन्हा केले, पुन्हा पुन्हा केले. प्रत्येक वेळी भेटीच्या अलीकडे ती रेंगाळत होती. कुठल्याही आकारावर नाही, दोघांमध्ये उरलेल्या रिकाम्या रेघेवर.

बोटकरने ते टिपले. दुसऱ्या दिवशी त्याने रेघेचे टोक पाटाच्या कडेशी नेले. मग त्याचे बोट कड ओलांडून हवेत गेले आणि तिथेच तरंगत राहिले, किंचित हलत. मला पुन्हा दोष शिरल्याची शंका आली. मैथिलीने पाटावरून चाचपत जाऊन त्याचे मनगट शोधले.

"हा कुठं निघाला?"

"त्याचं टेबल संपलं."

"मग टेबल लावा न त्याला."

आम्ही दुसरा पाट आणून जोडला. बोटकर तो ओलांडून गेला. तिसरा जोडला, तेव्हा तो थांबला. एका टोकाला त्याने घराचा उंबरा उठवला आणि दुसऱ्या टोकाला एक खडबडीत चढ. मधल्या वाटेवर मी खडी टाकली, एक ओढा घातला, ओढ्यापलीकडे थोडे गवत. बोटकरने ओढ्याचे पाणी एका अंगाला वाहते केले. गवत त्याला पटले नाही, ते त्याने विरळ केले. त्याचे बरोबर होते. वाट शेवटी मोकळीच हवी होती.

पान घड्यांचे झाले. ते उघडले की कोणत्याही मुलाचे दोन्ही हात मिळून त्याच्या दोन्ही टोकांना पोहोचत नसत. ते वाचायला दोघे लागत, एक घराशी आणि एक डोंगराशी.

"वर्गात बाकं जोडावी लागतील," आगाशे मॅडम म्हणाल्या.

"लागतील," मैथिली म्हणाली.

मॅडमनी डोळे मिटले आणि उंबऱ्यावर बोट ठेवून थोडे अंतर चालून पाहिले. मग छपाईला संमती दिली.

मैथिली अमरावतीला निघायच्या आदल्या दिवशी पहिली छापील प्रत आली. महादूभाऊंनी ती भट्टीतून काढून टेबलांवर पसरली. मी त्यांना पसरू दिली. मैथिली घराच्या टोकाशी बसली. मी नेहमीप्रमाणे बोटकरची तर्जनी डोंगरावर ठेवायला गेलो.

"बोटकरसाहेबांना आज सुट्टी द्या," ती म्हणाली. "तिकडे तुम्ही बसा."

मी बसलो. खोली लांब वाटत होती.

"हे पान अमरावतीपर्यंत लांबवता आलं असतं का हो?"

"कागद फार लागला असता."

"मला रविवारी शाळा नसते," ती म्हणाली.

"मी येईन," मी म्हणालो. वाक्य पुरे झाले होते. मला स्वतःलाच त्याचा आवाज ऐकू आला.

"डोळे मिटले का?"

"मिटले."

"लबाडी नको. मला कळतं."

डोंगर बोटाला खरबरीत लागला. उतार संपून वाट सुरू झाली. मी ती पाहून काढली होती, टाचणी टाचणी माझ्या माहितीची होती, तरी आता ती अनोळखी होती. पुढे किती उरले आहे हे सांगणारे काही नव्हते. विरळ गवत आले, गेले. मोकळ्या जागेत मी बोट थांबवले. पलीकडे मैथिली ओढ्यापाशी आली असावी. तिचे बोट अजून कुठेच लागत नव्हते, पण माझ्या बोटाखालचा कागद हलकेच थरथरू लागला होता.